उंटाच्या वशिंडात काय होतं

फोन सकाळी आला. "तम्मा, निघ आता," एवढंच अक्का म्हणाली. का निघायचं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उन्हाळा लागल्यापासून आम्हा भावंडांना ते ठाऊक होतं. दिवस तेवढा ठरायचा राहिला होता. नांदेडच्या स्टँडवर येऊन मी लातूरची गाडी धरली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं मागे पडताना बघत बसलो. माझी थोरली बहीण विधवा झाली होती आणि कंडक्टर मला "काका, जरा पुढं सरका की, पुढं जागाच जागा हाय" म्हणून दटावत होता. पुढे अजिबात जागा नव्हती. तरी मी सरकलो.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. दाजींनाही बसवलं होतं. घातलेली मांडी, कपाळभर विभूती, जन्मात कधी न बांधलेला फेटा, आणि पाठ भिंतीला. तोंड समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे होतं. मुद्दाम कुणी तसं केलं नव्हतं, बैठकीत तेवढीच जागा मोकळी होती. पण ज्यांनी त्या बैठकीत दाजींच्या फिल्मा पाहिल्या होत्या, त्या सगळ्यांना एकच वाटलं असणार, कारण सिनेमा दिसायचा तो त्याच भिंतीवर. दाजी समोर बघत बसले होते आणि कुणीतरी दिवे मालवायचे राहिले होते, असं ते दृश्य होतं. मागच्या खोलीतून सिरक्याचा आंबट वास येत होता. शेजारच्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघून पदर नाकाला लावला. अक्का तशातही त्यांना म्हणाली, "मढ्याचा न्हाई वास तो. फिल्मांचा हाय."

दाजी म्हणजे वैजनाथप्पा, माझ्या अक्काचे यजमान. लातूरच्या बाजारात तुरीची आडत होती. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, ढिगात मूठ घालून दाणा बघायचा, गिऱ्हाईक लावून द्यायचं. या कामात माणूस दिवसभर ओरडत असतो. दाजीही ओरडायचे. घरी आले की मात्र त्यांना मुके सिनेमे लागायचे, आणि त्यातही फक्त चित्रांचे. बोलपट येण्याआधी, म्हणजे आज कुणाच्याही आजोबांना आठवणार नाही इतक्या पूर्वी, परदेशात कुणी कुणी माणसं टेबलाशी बसून हजारो चित्रं काढायची, एकेकाचा फोटो घ्यायची आणि त्यांचा पाच-सात मिनिटांचा खेळ करायची. काळी शाई, पांढरा कागद, रंग नाही, आवाज नाही. तसल्या खेळांची रिळं लातुरात एक तुरीचा आडत्या जमवतो, हे मी नांदेडच्या कॉलेजात सहकाऱ्यांना सांगायचो तेव्हा ते मला विनोदी समजायचे.

सुरुवात हैदराबादला झाली. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. आडतीच्या कामासाठी दाजी तिकडे गेले आणि येताना अक्कासाठी बांगड्या घ्याव्यात म्हणून जुन्या बाजारात शिरले. तिथे एक भंगारवाला फिल्मची भेंडोळी काट्यावर घालून बांगड्या करणाऱ्यांना विकत होता. फिल्मवरची चांदी धुऊन काढायची, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या वळायच्या, असा तो धंदा. निजामाच्या काळात कुठल्या तरी हवेलीत घरी सिनेमा दाखवण्याची चैन होती, ती हवेली विकली गेली आणि चैन काट्यावर आली. दाजींनी एक पट्टी उचलून उन्हात धरली. दर चौकटीत एकच कुत्रं. पण दर चौकटीत त्याची शेपटी आधीपेक्षा जराशी वर... त्यांनी सगळी भेंडोळी उचलली. "माझ्यासाठी बांगड्या आणायला गेले अन् बांगड्यांचा कच्चा माल घेऊन आले," हे अक्का पुढे जन्मभर सांगत राहिली. प्रत्येक वेळी दाजी तितकेच खूश होऊन हसायचे.

फिल्म दाखवायचं मशीन औशाला मिळालं. जत्रांमधून तंबू लावणारी एक फिरती टॉकीज बंद पडली होती, तिच्या मालकाने ते गोणपाटात गुंडाळून दिलं. टेम्पोत आदळून त्यातली एक काच फुटली. दिव्याची उष्णता फिल्मपर्यंत जाऊ नये म्हणून असते ती काच. तशी दुसरी काही मिळाली नाही. तेव्हापासून त्या घरात एक नियम झाला, देवघरातल्या नियमांपेक्षा कडक: दिवा चालू असताना फिल्म थांबवायची नाही. फिल्म सरकत असेल तोवर ठीक, थांबली की जागच्या जागी जळते. फिल्म चालू असताना वीज गेली तर सगळे सुटकेचा श्वास टाकायचे. दिवा आणि फिल्म दोन्ही एकदम थांबतात ना, म्हणून.

त्या फिल्मांत असं काय होतं, हे मला पुष्कळांनी विचारलं आहे. मी पस्तीसेक वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे जुनं ते सोनं मानणाऱ्यांबद्दल मला मुळातच शंका असते. पण या फिल्मांपुढे माझी शंका फार टिकायची नाही. पुष्कळशा फिल्मांत आधी एक हात यायचा. खराखुरा, माणसाचा, बोटाला शाईचा डाग लागलेला. तो हात टाक फिरवायचा, दोन रेघांत एक प्राणी काढायचा, आणि प्राणी उठून चक्क हाताशी भांडायला लागायचा: मला टोपी का नाही दिलीस, हा रस्ता इतका वाकडा का काढलास. एका फिल्ममधला कोंबडा पुढे रस्ता नाही म्हटल्यावर खडूने स्वतःच रस्ता काढत चालायचा. माणसं कड्यावरून पुढे जायची आणि खाली बघेपर्यंत पडायची नाहीत. चित्रं वाचवायला तेच ते ढग परत परत फिरवलेले असायचे. दाजी ते बरोबर पकडायचे. "हा ढग बघा, परत आला. पाव्हण्यावाणी. जातोच म्हणतो अन् चपला घालून दारात उभाच."

फिल्म मुकी असली तरी दाजी मुके राहायचे नाहीत. मशीनशेजारी लाकडी स्टुलावर बसून ते सगळा खेळ बोलून दाखवायचे, तोही लातूरच्या बाजाराच्या बोलीत. परदेशी कुत्रं आडतीत मालावर पाय पुसायचं, परदेशी हत्ती औशाच्या गाडीला लटकायचा. समोर शेजारची माणसं असली तर एक गोष्ट, हमाल असले तर दुसरी, सासरची मंडळी आली तर तिसरी. चित्रं तीच. अक्का तेव्हा स्वयंपाकघरात असायची. बघणाऱ्यांसाठी चिवडा, चहा, परत चहा. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, आणि ती पातळ.

एकदा खेळ संपल्यावर दाजी रिळं गुंडाळत होते आणि मी त्यांना छेडलं. म्हणालो, संग्राहक म्हणजे लोकांनी टाकून दिलेलं उचलणारा आणि का उचललंस म्हटलं की रागावणारा माणूस. दाजी रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुम्ही मेलेल्या राजांचे सन पाठ करता, मी मेलेल्या कुत्र्यांच्या शेपट्या जपतो. तुम्हाला त्याचा पगार हाय, एवढाच फरक." मग त्यांनी रिळाची सुरुवात बोटांत धरून मला दिव्यासमोर दाखवली. तिथे तो हात होता. "हा हात ज्याचा, तो गडी मरून किती वर्षं झाली असतील. कुणाला नाव माहीत न्हाई. अन् हात बघा, अजून कामावर हाय." ते असं बोलायचे तेव्हा मी दुसरीकडे बघायचो. 

सगळ्या रिळांत त्यांचं जीव की प्राण होतं ते उंटाचं. त्याला ना डोकं होतं ना शेपूट. म्हणजे सुरुवातीला नावाची पट्टी असते ती तुटलेली, शेवटही तुटलेला. कुणी काढली, कुठल्या देशात काढली, काही कळायला मार्ग नाही. वाळवंटातून जाणारा एक उंट, आणि त्याचं वशिंड पेटीसारखं उघडतं, एवढीच गोष्ट. पुढे इंटरनेट आल्यावर दाजींनी आडतीतल्या पोराकडून त्यातल्या चौकटींचे फोटो परदेशातल्या शौकिनांना पाठवले. तिकडे त्यावरून भांडणं लागली. एक म्हणे हा अमेरिकन उंट, दुसरा म्हणे जर्मन. मात्र ही फिल्म आपल्याकडे आहे असं कुणीच म्हणेना. जगात दुसरी प्रत असेलही, पण ती कुणाला माहीत नव्हती. एकाने विकत मागितली. दाजींनी पोराला उत्तर लिहायला लावलं: "सांग त्याला, उंट विकायचा न्हाई. लातुरात पाण्याची काय हालत हाय बघतोस न्हवं, पुढंमागं लागंल."

मागच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. दाजींच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आणि डब्यांतून सिरक्याचा वास यायला लागला. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून देतात. अक्काने एक लहान पेला ठरवून दिला होता. दिवसभरात तेवढंच. लातूरचा उन्हाळा आणि तेवढंच पाणी. दाजी म्हणायचे, "मला उंटाचं रेशन लागू झालंय." सिरक्याच्या वासाचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला. असल्या फिल्मा उष्णतेने आतून कुजतात, त्यांतून आम्ल सुटतं, पट्टी आखडते, चिरफळते आणि सडका आंबा अढी नासवतो तशी शेजारच्या डब्यालाही लागण होते. थंड, कोरड्या खोलीत ठेवणं हा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे नासलेली रिळं उचलून बाहेर टाकणं. थंड खोली नव्हती, आणि टाकणं दाजींकडून होत नव्हतं. डायलिसिसहून आले की ते दमून कॉटवर पडायचे आणि थोड्या वेळाने उठून एकेक डबा नाकाशी धरायचे. अक्का म्हणायची, "आधी सोत्ताचा डबा बघा." ते म्हणायचे, "तो बघायला डॉक्टर हाय की. ह्यांना कोण हाय?"

पुण्यातल्या एका संस्थेत जुन्या फिल्मांच्या नकला संगणकावर उतरवतात. तिथे काम करणारी सायली नावाची एक मुलगी दाजींनी शोधून काढली. ती स्वतःच्या खर्चाने लातूरला आली, हातमोजे घालून तिने उंटाची फिल्म इंच इंच तपासली आणि म्हणाली, "अप्पा, वेळेत भेटलात. हिची नक्कल होईल. मशीनवर आमचं एक काम चालू आहे, ते संपलं की मी स्वतः येऊन घेऊन जाते. पण तोवर हिला प्रोजेक्टरवर चढवू नका. एकदासुद्धा नको." दाजींनी तिला शब्द दिला. जाताना तिला दारापर्यंत सोडायला उठले तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते, आणि चेहरा मात्र जावई पसंत पडल्यासारखा. आता त्यांना एकच हवं होतं: आपण जाण्याआधी उंटाची नक्कल व्हावी.

मग सत्कार आला. मराठवाड्यात माणूस आजारी पडल्याची बातमी दवाखान्यापेक्षा सत्कार समितीला आधी पोचते. गावच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की अप्पांचा गौरव करायचा. दाजींनी आधी हात जोडले. मग संयोजक म्हणाला की प्रमुख पाहुणे मोठे आहेत, नवं सांस्कृतिक सभागृह त्यांच्याच शब्दावर होतंय, आणि त्यात एक खोली एसी लावून कायमची तुमच्या फिल्मांसाठी, हे ते भाषणात जाहीर करणार आहेत. फक्त त्यांच्यापुढे एखादी फिल्म दाखवायची, म्हणजे त्यांनाही कळेल की काय चीज आहे. मी दाजींना म्हणालो, "कोंबड्याची दाखवा. ती धडधाकट आहे." त्यांनी उंटाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "सबंध गोतावळ्याला घर मागायला जायचं अन् धाकट्याला पुढं करायचं? उंटच जाईल. एकदाच." मुलीला दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता. पण एका खोलीसाठी त्यांनी तो मोडायचं ठरवलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्या दिवशी तो सौदा वाईट वाटला नव्हता.

सत्काराच्या दिवशी गावातलं जुनं सभागृह भरलं होतं. पाहुणे आले नव्हते. स्टेजवर दाजींचा मोठा फोटो, खाली 'मूकपटमहर्षी'. दाजी वाचून म्हणाले, "महर्षी? मी तुरीचा आडत्या. दाढी तरी वाढवायची होती मग." पाहुण्यांचा पत्ता लागेना तशी मागची माणसं उठून जायला लागली. संयोजक घामाघूम होऊन मशीनपाशी आला.

"अप्पा, पाव्हणे निलंग्याहून निघालेत म्हणे. पब्लिक चालली उठून. तुमचं ते लावा की तवर."

"पाव्हण्यासाठी म्हणून आणलंय न्हवं ते?"

"त्यांना मागनं परत दाखवू. आता पब्लिकला बसवा."

"मग ध्यान दे. एकदा लागलं की मधी थांबवायचं न्हाई. काय बी होऊ दे."

"कोण थांबवतंय, अप्पा! लावा तुम्ही बिनधास्त."

दिवे मालवले गेले. भिंतीवर तो हात आला, त्याने वाळूची एक रेघ ओढली, रेघेवर उंट उभा राहिला. दाजी बोलायला लागले. आवाज खोल गेला होता, पण माणसं पहिल्याच वाक्याला हसली. मी शेजारी उभा होतो. दाजींचा हात मशीनवर होता, फिल्मची धडधड बोटांनी ऐकत असल्यासारखा. उंट चालत चालत एका आडापाशी आला, आत डोकावला, पोहरा उलटा केला, त्यातून वाळू पडली. मग त्याने मागे वळून वशिंडाच्या कडीला पाय घातला... आणि मागचं दार उघडलं. हलगी वाजली. कुणीतरी सगळे दिवे लावले. सूत्रसंचालक माइकवर ओरडला, "आगमन होत आहे! सर्वांनी उभं राहून स्वागत करायचं आहे! थांबवा, थांबवा ते!"

मशीनला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण गावात नंतर वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या. मशीन दाजींनी थांबवलं. पाहुणा दारात आला की हातातलं असेल ते सोडून उभं राहायचं, ही त्या घराची पिढ्यान् पिढ्यांची सवय. आडतीत गल्ल्यावरून उठतील, ताटावरून उठतील. ते स्टुलावरून उठले, उठता उठता बोट मोटरच्या बटनावर गेलं, आणि दोन्ही हात जोडले गेले. दिव्याचं बटन वेगळं होतं.

उंटाच्या पोटावर एक तपकिरी ठिपका उमटला. तो मोठा झाला, उकळला, कडेने काळा झाला आणि मधून पांढराशुभ्र उजेड बाहेर आला. माणसांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या आपल्यासाठी आहेत असं वाटून पाहुण्यांनी हात उंचावले. मी दिवा बंद केला तोवर फिल्म आत चिकटली होती. आखडलेली पट्टी ओढावी तशी फाटत आली. दोन-एक हात लांबीचे तुकडे खाली पडले, आणि पाहुण्यांचा लवाजमा नेमका त्याच वाटेने स्टेजकडे गेला. मी वाकून शोधलं. पाकळ्या होत्या, चपलांची माती होती, फिल्मचे काळे कपटे होते. त्यांना उचलणं म्हणजे राख उचलणं. दाजी तोवर स्टेजवर गेले होते. त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. पाहुणे म्हणाले की मूकपट मूक असूनही बोलके असतात. एसी खोली जाहीर झाली. तिच्यासाठीही टाळ्या झाल्या.

परत येताना ऑटोत दाजी नारळ मांडीवर घेऊन बसले होते. मी न राहवून विचारलं, "दाजी, तुम्ही का थांबवलंत?"

त्यांनी माझ्याकडे खऱ्या आश्चर्याने पाहिलं. "पाव्हणे आले होते न्हवं."

त्यानंतर ते मागच्या खोलीत गेले नाहीत. डबे हुंगणं बंद झालं. सायलीला फोन करून त्यांनी स्वतः सगळं सांगितलं, आणि पलीकडून ती काय म्हणाली ते आम्हाला कधी सांगितलं नाही. डायलिसिसला जायचे, यायचे, कॉटवर पडून पंख्याकडे बघायचे. पाण्याचा पेला अक्काने पुढे केला तर कधी कधी नको म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. एसी खोलीची चौकशी मी दोनदा केली. पहिल्यांदा कळलं की प्रस्ताव वर गेला आहे. दुसऱ्यांदा कळलं की कुठला प्रस्ताव.

त्यांना बसवून नेलं. खड्ड्यात उतरवलं, विभूती घातली, जंगमांनी मंत्र म्हटले, इष्टलिंग तळहातावर ठेवलं आणि माती लोटली. मग माइक आला. श्रद्धांजलीची भाषणं करणाऱ्यांपैकी एकाने दाजींना तमाशाचे आश्रयदाते केलं, दुसऱ्याने मराठी चित्रपटाचे जनक. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर दाजींच्या मागे कुठल्याशा रंगीत सिनेमाच्या नटीचा फोटो. मला राग आला नाही. दाजी असते तर त्या नटीला लातूरच्या बोलीत काहीतरी बोलायला लावलं असतं, एवढं मनात आलं.

सायली मातीला येऊ शकली नाही, नंतर आली. मागच्या खोलीत बसून तिने डबे उघडले आणि दोन ढीग केले. एक जगण्यासारख्यांचा, एक गेलेल्यांचा. जगण्यासारख्यांचा ढीग तिच्या एका बॅगेत मावला. खडूचा रस्ता काढणारा कोंबडा, ज्याला मी धडधाकट म्हणालो होतो, डबा उघडल्यावर त्याची एकसंध वडी निघाली. उंटाचे उरलेले दोन तुकडे, जळाल्याच्या आधीचा आणि नंतरचा, तिने वेगळ्या पिशवीत घातले. "जेवढं आहे तेवढं उतरवते," म्हणाली. "मधलं मात्र नाही येणार." गेलेल्या रिळांचं काय करायचं असं अक्काने विचारलं, तेव्हा ती मुलगी जरा अडखळली आणि म्हणाली, घरात ठेवू नका.

गेल्या आठवड्यात तिने उंट माझ्या मोबाइलवर पाठवला. मी गाडी धरून लातूरला गेलो. अक्का मागच्या खोलीत बसली होती. फडताळं मोकळी, खिडकी उघडी, तरी आंबट वास भिंतींतून गेला नव्हता. ती हल्ली दुपारी तिथेच बसते. तिने मोबाइल हातात घेतला, चष्मा पुसला. इतक्या वर्षांत तिने यांतली एकही फिल्म पाहिली नव्हती, हे मला त्या क्षणापर्यंत जाणवलंही नव्हतं.

"हेच व्हय ते?" ती म्हणाली. "एवढुसाच? मला वाटायचं, लई थोराड उंट असंल."

हात आला, रेघ ओढून गेला. उंट चालत आला, आडात डोकावला, पोहरा उलटा केला. अक्काचे ओठ हलत होते. पुढची प्रत्येक गोष्ट तिला चित्राआधी माहीत होती. उंटाने वशिंडाच्या कडीला पाय घातला, एक तपकिरी डाग आला, आणि लगेच उंट आडाच्या पलीकडे, वाळूची टेकडी चढताना. पाठ सपाट. वशिंड नाही.

"थांब. मधलं कुठंय?"

"जळालं ते, अक्का."

ती मोबाइलकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बघून, दाजींच्या लयीत पण आवाज न चढवता म्हणाली, "पोरंसोरं बसलेली असली की म्हणायचे, वशिंडातून भजे निघाले, गरम हायत, फुंकून खा. पाण्याची रेल्वे आली त्या साली म्हणायचे, टँकर निघाला, पळा घागरी घेऊन. आपले बाबा आलते तर म्हणायचे, सासरा निघाला. बाबा किती हसले ते..." तिने पदराने चष्मा परत पुसला. "अन् मागच्या उन्हाळ्यात, ती पुण्याची पोरगी यायच्या आधी, दुपारचे एकटेच लावून बसायचे. बघायला कुणी न्हाई, तरी बोलायचे. तवा म्हणायचे, गलासभर पाणी निघालं. थंडगार. लई हळू म्हणायचे. मला ऐकू जाऊ नये म्हणून."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. अक्का माझ्याकडे वळली.

"खरं काय निघायचं रे? तू तर दर खेपेला बघितलास की."

मी डोळे मिटले. बैठक आठवली, मशीनची धडधड आठवली, हसणारी माणसं आठवली, स्टुलावर पुढे झुकलेले दाजी आठवले. ऐन त्या जागी भिंतीवर काय दिसायचं ते आठवेना. मी तेव्हा नक्की दाजींकडे बघत असणार.

"आठवत न्हाई, अक्का."

"मग नांदेडहून येत होतास तरी कशाला?" ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन चहा टाकायला उठली.